सपाट नाकाची गोळी

२००४ साली टेक्सासात अर्विंगला आमच्या अपार्टमेंटमागे एक टेक्सन म्हातारा राहायचा. शनिवारी सकाळी गराज उघडून तो शिसं वितळवायचा आणि आपल्या भल्यामोठ्या पिस्तुलासाठी गोळ्या ओतायचा. मला बंदुकांचा तिटकारा, तरी दूध आणायला जाताना मी तिथं थांबायचोच. तो सपाट नाकाच्याच गोळ्या करायचा. त्या गोळ्यांनी निशाणाच्या कागदावर पडलेलं स्वच्छ भोक त्याच्या अधू डोळ्यांना दिसायचं. तो काडतुसांत बंदुकीच्या दारूची पावडर मोजून भरत असताना मी ‘गुड मॉर्निंग’ म्हटलं, की भरलेली सगळी ओतून टाकून तो पहिल्यापासून मोजायचा.

एकदा म्हणाला, “मनगटाला झटका सोसत नाही. दरवर्षी पावडर थोडी कमी करतो.”

“मग लहान पिस्तूल घ्या की!”

“हे बायकोनं दिलंय,” तो म्हणाला. “पुढच्या वर्षी आणखी कमी भरेन.”