पुन्हा घेतलेलं रक्त

पनवेलच्या मासळी बाजाराजवळच्या एका लॅबमध्ये मी रक्त घ्यायचं काम करते. एका सकाळी उरणकडच्या खाडीकाठची एक मावशी आली. साठीच्या पुढची, मासळी विकणारी. न्हावा शेव्याला कामावर जायच्या आधी मुलगा तिला सोडून गेला होता. ब्लड प्रेशरची गोळी बदलल्यावर डॉक्टरांनी पोटॅशियम तपासायला सांगितलं होतं.

तिची शीर बोटाला लागायची, पण सुई टेकवली की सरकायची. शेवटी मनगटाजवळ एक मिळाली, तिच्यातूनही रक्त थेंबथेंबच आलं. ट्यूबवर नाव लिहून मी ती स्टँडमध्ये उभी ठेवली आणि रक्त गोठल्यावर मशीनमध्ये फिरवली. मावशी बाहेर बाकावर चहा पीत बसली.

मशीन थांबल्यावर ट्यूब उजेडात धरली. वर सुटलेलं पाणी पिवळसर हवं होतं, ते गुलाबी होतं. पेशी फुटल्या होत्या. ते तसंच तपासलं तर पेशींतलं पोटॅशियम त्यात मिसळून आकडा उगाच वाढलेला आला असता.

“मावशी, परत रक्त घ्यावं लागेल.”

“परत? आता तर मी च्या पन पिलाय.”

“या तपासणीला चहा चालतो. आधीचं खराब झालं.”

तिने कप खाली ठेवला. “माजं रगत खराब हाय?”

मी उत्तर द्यायच्या आतच ती हळूच म्हणाली, “आमच्या घरवाल्याचं पन असंच सांगितलेलं. तो मग घरी आलाच नाय.”

मी तिला आत नेलं. दुसऱ्या एका पेशंटची, पिवळं पाणी सुटलेली ट्यूब तिच्या ट्यूबशेजारी धरली, नाव बोटाने झाकून.

“तुमची शीर बारीक आहे. रक्त ओढताना त्यातल्या पेशी फुटल्या, म्हणून हा गुलाबी रंग. हा आजार नाही.”

तिने दोन्ही ट्यूब बराच वेळ निरखल्या. मग पदराने हात पुसून दुसरा हात पुढे केला. “घे. पन हलू.”

या वेळी आधी कोमट पाण्यात पिळलेलं फडकं तिच्या हातावर ठेवलं, घाई केली नाही. रक्त सरळ आलं. ट्यूब मशीनमध्ये फिरवल्यावर वरचं पाणी पिवळं, स्वच्छ होतं.

दुपारनंतर रिपोर्ट नॉर्मल आला. डॉक्टरांनी बदललेली गोळीच चालू ठेवायला सांगितली. मी फोन करून कळवलं, तेव्हा मागे बाजाराचा गलबला ऐकू येत होता.

“बरं झालं गो बाय,” ती म्हणाली, आणि फोन चालूच ठेवून कुणाला तरी पापलेट आजचंच असल्याचं पटवायला लागली.