श्वासाचं चित्र

गुंजाळ सरांच्या क्लासला मी पहिल्या दिवशी गेले तेव्हा दाराला कुलूप होतं. खाली बी-बियाणांचं दुकान होतं. तिथले भाऊ म्हणाले, "सर बाजारात हायेत. बैलाकडं." बेल्ह्याचा बैलबाजार भरलेला, तेव्हा मला वाटलं, सर बैल घ्यायला गेले असतील. जाऊन बघते तर सर एका पांढऱ्या बैलासमोर उकिडवे बसलेले, मांडीवर वही, हातात पेन्सिल, आणि बैलाचा मालक त्यांच्याकडे संशयाने बघतोय.

"घ्यायचाय का न्हाई, पावणं?"

"न्हाई. बघायचाय."

"त्यात बघायचं काय? उभा तर हाये."

"कसा उभा हाये, तेच बघतोय."

मालकाने कपाळाला हात लावला. मी चाचरत पुढे झाले, आणे गावाहून आलेय म्हणाले, अ‍ॅनिमेशन शिकायचंय म्हणाले. सरांनी वहीतलं एक पान फाडून माझ्या हातात दिलं. "बस आणेकर. हा उभा बैल काढ." त्या दिवसापासून मी कायमची आणेकर झाले, माझं खरं नाव त्यांना शेवटपर्यंत ठाऊक होतं की नाही देव जाणे. बैल मी चांगला काढला होता; शाळेत चित्रकलेत माझा हात धरणारं कोणी नव्हतं. सरांनी कागद लांब धरून पाहिला आणि म्हणाले, "झकास. पण हा मेलेला हाये." मग त्यांनी बोटाने दाखवलं. बैलाचा एक कान मागे वळतो, खांद्याची कातडी माशीसाठी थरथरते, मागच्या एका पायावरचा भार दुसऱ्यावर जातो. "जित्तं कधी पुरतं थांबत न्हाई," ते म्हणाले. "आमच्या धंद्यात आधी उभं ऱ्हायला शिकायचं. पळायचं नंतर बघू."

हे दोन हजार सालाच्या एक-दोन वर्षं पुढेमागेचं. आमच्या भागात तेव्हा कॉम्प्युटरचा क्लास म्हणजे टायपिंग, असाच सगळ्यांचा समज होता. सर आधी एका विनाअनुदानित शाळेत चित्रकला शिकवायचे. शाळा बंद पडली, तेव्हा पुण्याला जाऊन-येऊन कॉम्प्युटर शिकले आणि दुकानाच्या माडीवर दोन जुनी मशीन मांडली. खिडकीची काच दोन विटांवर ठेवून तिच्याखाली ट्यूबलाइट लावलेली. तिच्यावर कागदावर कागद ठेवायचा, खालचं चित्र दिसतं, वरचं जरासं पुढे सरकवून काढायचं. पोट मात्र लग्नाच्या कॅसेटींवर चालायचं. नवरा-नवरीच्या नावाभोवती गुलाबाच्या पाकळ्या उडवायच्या, कबुतरं सोडायची. गिऱ्हाईक म्हणायचं, "सर, कबुतरं अजून सोडा की, पावण्यांपेक्षा कमी दिसत्यात." सर निमूट सोडायचे. आमच्याकडे वळून मात्र म्हणायचे, "हलवायला काय, वारा बी हलवतोय. कुठं थांबवायचं ते ज्याला कळलं, तो चित्रकार."

आम्ही चार विद्यार्थी होतो. लाइट गेली की सर आम्हाला गप्प बसवायचे आणि समोर जो असेल त्याच्याकडे बघत राहायला सांगायचे. नुसतं. चहा पिणारा माणूस कप ओठाला लावण्याआधी कुठे थबकतो, म्हातारी उठताना गुडघ्यावर हात ठेवून किती वेळ तशीच राहते. आम्हाला हसू यायचं. सरांना राग असा कधी आलाच नाही. फक्त एवढंच म्हणायचे, "हसून घ्या. पण बघत हसा."

सरांची मुलगी सोनू जन्मापासून बहिरी होती. वय सहा-सात. बोलायची नाही, पण तिची तिने एक भाषा केली होती. नाकाच्या एका बाजूला बोट ठेवलं की आई, कारण आईच्या नाकात चमकी होती. ओठावरून बोट फिरवलं की मिशीवाला बाप. मूठ तोंडाशी नेली की भूक. दोन्ही हातांनी स्टिअरिंग फिरवलं की गाडी. यापलीकडे फार काही लागतच नव्हतं, कारण बाकीचं आईला तिच्या डोळ्यांवरून कळायचं. सर स्वतःच म्हणायचे, "माझ्याशी ती शब्द बोलती, आईशी वाक्य."

मी क्लासला येऊन वर्ष झालं असेल. सरांच्या बायकोला कावीळ झाली. घरगुती औषधात दिवस गेले, मग पुण्याला नेलं, आणि चार दिवसांनी गाडीतून परत आणलं ते अंत्यसंस्कारालाच. आमच्याकडे रीत अशी की मयताच्या घरात लहान पोरं ठेवत नाहीत. सरांच्या बहिणीने, म्हणजे सोनूच्या आत्याने, भल्या सकाळीच तिला ओतूरला नेलं. सगळं उरकल्यावर परत आणलं. सोनूने घरभर फिरून आईला शोधलं आणि नाकावर बोट ठेवून आत्याकडे पाहिलं. आत्या बिचारी काय करणार? तिने दोन्ही हातांनी स्टिअरिंग फिरवलं आणि पुण्याच्या रस्त्याकडे बोट दाखवलं. आई गाडीने गेली.

गाडीने गेलेलं माणूस गाडीने येतं. सोनू रोज दुपारी एसटी स्टँडवर जाऊन उभी राहू लागली. पुण्याची गाडी आली की दाराशी जायची, उतरणाऱ्या प्रत्येक बाईच्या नाकाकडे बघायची. गाडी रिकामी झाली की घरी यायची. कंडक्टर ओळखीचे झाले होते. ते मान हलवायचे, नाही म्हणून. 'नाही' तिला कळायचं, पण ते आजच्यापुरतं. उद्याची गाडी होतीच.

सरांनी हरतऱ्हेने सांगून पाहिलं. डोळे मिटून, मान टाकून दाखवली. तिला वाटलं झोप. वर आभाळाकडे हात केला. तिने आभाळाकडे पाहिलं, तिथे काही नव्हतं. फोटोला हार घातला. तिला तो आवडला, तिने दुसऱ्या दिवशी स्वतःच्या फोटोलाही फुलं लावली. ते पाहून आत्याने किंकाळीच फोडली. सर त्या दिवशी क्लासमध्ये येऊन आम्हाला म्हणाले, "माझ्या पोरीला आई मेली ते माहीत न्हाई. तिला सांगायला माझ्याकडं शब्द न्हाई. चित्र तेवढं हाये. आता आपण खरं काम करायचं."

पहिली फिल्म सरांनी स्वतः काढली, आम्ही रंग भरले. निजलेली आई, मग ज्वाळा, मग नदीकाठचा दहावा. पानावर भाताचा पिंड, लोक हात जोडून उभे, आणि कावळा येऊन पिंडाला शिवतो. आमच्यापैकी कोणालाच यात काही वावगं वाटलं नाही. दहाव्याला कावळा शिवला की जिवाचं समाधान झालं, हे आम्ही पाळण्यात असल्यापासून बघत आलेलो. कावळा तर सरांनी असा सुरेख काढला होता, मान तिरकी करून एक डोळा रोखून बघणारा, की आम्ही वा वा केली.

सोनूने फिल्म तीनदा पाहिली आणि टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशी ती स्टँडवर गेली नाही. घरामागच्या कुंपणावर तिने भाकरीचा तुकडा ठेवला, कावळा आला, आणि सोनू नाकावर बोट ठेवून सगळ्यांना दाखवत नाचली. आई ज्वाळेतून निघून कावळा झाली, असा सरळ अर्थ तिने लावला होता. चित्रात तसंच तर होतं.

दुकानातले भाऊ म्हणाले, "ऱ्हाऊ द्या राव. पोरगी खूश हाये, स्टँडवर जायाची बंद झाली. अजून काय पायजे?" आत्याचंही तेच म्हणणं. खरं सांगायचं तर मलाही ते गोड वाटलं होतं. सर मात्र रोज कुंपणाशी उभे राहून बघायचे.

आणि मग एक दिवस सोनू नवा फ्रॉक घालून आईला दाखवायला गेली. हात पसरून गिरकी घेतली. कावळा उडाला. ती दुसऱ्याकडे गेली, तोही उडाला. तिने ओंजळीत भाकरी धरली, तर कावळ्याने ओरखडून ती नेली आणि हातातून रक्त आलं. रडत ती माडीवर आली, आम्ही सगळे तिथेच होतो. तिने नाकावर बोट ठेवलं, मग भुवया आवळून, गाल फुगवून रागाचं तोंड केलं, आणि शेवटी स्वतःच्या छातीवर बोट टेकवलं. आई माझ्यावर रागावलीय का?

सर खाली बसले. बराच वेळ त्यांनी तिचा हात पुसला, हळद लावली. तिला घरी पाठवल्यावर म्हणाले, "मेलेली आई दिली असती, तर पोरगी एकदा रडली असती. मी तिला रुसलेली आई दिली. आता ही जन्मभर मनवत बसंल." असं कळवळून बोलताना मी त्यांना आधी कधी पाहिलं नव्हतं.

दुसरी फिल्म करायला आम्ही बसलो तेव्हा सरांनी पहिल्यांदाच आम्हाला ते चार दिवस सांगितले. "दवाखान्यात मी शेजारी बसलेलो. डोक्यावर पंखा चालू. बाहेर चहावाला कप वाजवीत चाललाय. तिची छाती वर-खाली, वर-खाली. मग खाली गेली ती वर आलीच न्हाई. मी वाट बघत बसलो. पंखा आपला चालूच. मला वाटलं व्हतं काहीतरी मोठं व्हईल. काय बी झालं न्हाई. एवढंच थांबलं." मग कोरा कागद पुढे ओढून म्हणाले, "हेच काढायचं. ज्वाळा नको, नदी नको. जे झालं तेवढंच."

खोली, पलंग, पंखा आणि खुर्चीवरचा मिशीवाला माणूस सरांनी काढला. बायकोचा चेहरा काढला, चमकीसकट. चादरीपाशी आले आणि पेन्सिल माझ्यापुढे सरकवली. "छाती तू काढ, आणेकर. मला न्हाई जमायची."

मी घरी जाऊन माझ्या झोपलेल्या आजोबांकडे बघत बसले. श्वास वर जाताना झपकन जातो, उतरताना सावकाश. आणि खाली गेल्यावर जरासा थांबतो, जणू पुन्हा जायचं की नाही ते ठरवतो. तो थांबा मी प्रत्येक वेळी थोडा थोडा लांबवत नेला. काचेवर वाकून तीच चादर पुन्हा पुन्हा काढताना मला रडू यायचं. सर बघायचे आणि भिजलेला कागद बदलून नवा द्यायचे. आज पुण्यात मी शाळेच्या मुलांसाठी हलती चित्रं करते, माझ्या हाताखाली सहा-सात जण आहेत, मशीन अशी आहेत की सरांनी नुसती बघूनच डोळे विस्फारले असते. पण त्या चादरीइतकं अवघड काम मी नंतर केलेलं नाही. सर आता नाहीत. त्यांना हे कधीतरी सांगायचं राहून गेलं, याचं फार वाईट वाटतं.

फिल्म आम्ही दुपारी लावली. सोनू स्टुलावर, सर तिच्या मागे, आम्ही भिंतीला टेकून. पडद्यावर आई दिसली तसं तिने नाकावर बोट ठेवलं. खुर्चीवरच्या माणसाला पाहून ओठावरून बोट फिरवलं आणि मागे वळून सरांकडे बघून हसली. छाती वर-खाली होत होती. सोनू रमून बघत होती. मग छाती खाली गेली आणि राहिली.

सोनू वाट बघत बसली. मग पुढे वाकून तिने मॉनिटरला बाजूने थाप मारली. मशीन अडकलं की सर अशीच मारायचे. चादर हलली नाही. तिने आणखी जोरात मारली. तेवढ्यात तिची नजर पडद्यावर वरच्या बाजूला गेली, आणि तिला दिसलं की चित्रातला पंखा फिरतोय. तिने पंख्याकडे पाहिलं, चादरीकडे पाहिलं, परत पंख्याकडे पाहिलं. मशीन चालू होतं. फक्त आई थांबली होती. पडद्यावरच्या मिशीवाल्या माणसाने आईच्या डोळ्यांवरून हात फिरवला आणि चादर चेहऱ्यावर ओढली. फिल्म संपली.

तिचा हात मॉनिटरवर तसाच राहिला. नाकाकडे बोट गेलं नाही, स्टिअरिंग फिरलं नाही. तोंडातून एक आवाज निघाला, तसा आवाज मी तिच्याकडून कधी ऐकला नव्हता, आणि मग ती रडली. आई गेल्यापासून पहिल्यांदा आईसाठी रडली. सर जागचे हलले नाहीत. त्यांनी तिला उचलून घेतलं नाही, डोळे पुसले नाहीत, पुरतं रडू दिलं.

रडणं ओसरल्यावर सोनू स्टुलावरून उतरली. सरांसमोर जाऊन उभी राहिली, त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि हाताचा पंजा उघडून त्यांच्या छातीवर ठेवला. दाबून ठेवला. ती बघत होती, हलतेय का.

सरांनी मोठा श्वास घेतला, तिच्या हाताला कळेल असा. सोडला. पुन्हा घेतला. डोळ्यांतून धारा लागलेल्या, आणि तिला ऐकू येत नाही हे माहीत असूनही ते म्हणत होते, "हाये बाळा. हाये. मी हाये."