ऑप्शनला टाकलेला धडा

कळव्याच्या क्लासवाल्या सरांनी माझ्या मुलीला फसवलं. दहावीचं पूर्ण विज्ञान शिकवतो म्हणून फी घेतली आणि माणसाचं मूल कसं होतं, तेवढा एक धडा गाळला.

मी कोपरीत बायकांचे गाऊन विकते. आधी स्टेशनबाहेर फुटपाथवर विकायचे, आता स्वतःचा गाळा आहे. घासाघीस मला कुणी शिकवायला नको. सरांशीही केली होती. ते फी कमी करायला तयार झाले, तेव्हा बजावलं, "पैसे कमी घेताय म्हणून शिकवणं कमी नको." सर हसून म्हणाले, "ताई, पूर्ण पोर्शन होणार. निश्चिंत राहा."

मे महिन्याच्या व्हेकेशन बॅचमध्ये तो धडा आला. सर म्हणाले, "हा ऑप्शनला टाका. मार्क फार नाहीत, घरी वाचा." मागच्या बाकांवरची मुलं खिदळली, मुलींनी खाली मान घालून पानं उलटली. हे सगळं मुलीनं मला नंतर सांगितलं, सांगून काही उपयोग उरला नव्हता तेव्हा.

दिवाळीच्या सुमारास ती मोठ्या मापाचे गाऊन मागायला लागली. "सैल बरं पडतं गं, आई." मी दुकानातून आणत राहिले. समोरच्या बाईचं माप मी नजरेनं सांगते, आणि माझीच मुलगी माझ्याच मालात लपली होती. शेवटी शेजारच्या काकूंनी जिन्यात अडवलं. "काय खायला घालतेस गं पोरीला? का दुसरंच काही?" त्यांना चार शिव्या हासडून मी घरी आले आणि मुलीचा गाऊन मागून ओढून धरला.

पाचवा महिना होता. मी दोन थोबाडीत दिल्या. गाल धरून ती म्हणाली, "पण आई, माझं लग्न कुठं झालंय?"

नाटक नव्हतं ते. लग्न झालं की बाळ होतं, एवढंच तिला लहानपणापासून सांगितलं गेलेलं. पाळी येईना, तर मैत्रिणी म्हणाल्या, दहावीचं टेन्शन आहे, येईल. आता कोणी मला विचारेल, आई होतीस, तू का नाही सांगितलंस? मी सातवीत शाळा सोडली. मला हे बाळंतपणाच्या खाटेवर कळलं. जे आपल्याला येत नाही त्याचे पैसे मोजतो आपण. मी मोजले होते.

मुलगा त्याच बॅचमधला. त्याची आई कल्याणजवळच्या मोहन्याहून नारळ आणि ब्लाउजपीस घेऊन आली, जणू बोलणी ठरलीच.

"अठरा पूर्ण होईपर्यंत गावी ठेवू तिला, ताई. मग लग्न लावू. तुमची अब्रू ती आमची."

"मुलगा काय करणार पुढं?"

"शिकेल की. हुशार आहे."

"म्हणजे तो शिकणार आणि ही तुमच्या गावी भाकऱ्या थापणार?"

नारळ तिच्या पिशवीत परत घातला. माझा दीर कुजबुजला, कल्याणला एकजण गुपचूप करून देतो, पोलीस नाहीत, कागद नाही. मी म्हटलं, "ती टेबलावर गेली तर तिला गुपचूप जाळशील का?" सरकारी दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मुलगी अठराच्या आतली, पोलिसांना कळवावंच लागेल. कळवलं. पोलिसांनी जे विचारलं त्यातले निम्मे शब्दही तिला माहीत नव्हते. जबाब, कागद, सह्या होईतो पाडायची मुदत उलटून गेली.

बोर्डाच्या पेपरांच्या दिवसांत ती बाळंत झाली. मुलगा झाला. बालकल्याण समितीपुढे सह्या करून आम्ही तो दत्तक देणाऱ्या संस्थेत दिला. पुढं दूध यायला लागलं, तर हे काय म्हणून ती घाबरून रडली. तेही तिला कोणी सांगितलं नव्हतं. मी तिच्या छातीला फडकं बांधलं आणि दुकान उघडायला गेले.

जूनमध्ये तिचं नाव घालायला पुन्हा क्लासला गेले. ॲडमिशनची गर्दी होती.

"तिला घरीच बसवा, ताई," सर हळूच म्हणाले. "बाकीचे पालक तक्रार करतील. सतरा नंबरचा फॉर्म भरा, बाहेरून परीक्षा देईल. नोट्स देतो, फुकट."

"तो धडा का गाळलात?"

"पालकच ओरडतात हो. एका वर्षी शिकवला, तर दोन आया भांडायला आल्या. पोरांच्या डोक्यात नको ते भरता म्हणाल्या."

"माझ्या पोरीच्या डोक्यात कुणीच काही भरलं नाही. बघितलंत ना काय झालं?"

रांगेतला एक बाप म्हणाला, "मुलीवर लक्ष ठेवायचं असतं, बाई."

"तुमचा मुलगा कुठाय आत्ता?"

"असेल मित्रांकडे."

"असेल?" रांगेतल्या बायका फस्सकन हसल्या. त्यानं मोबाईल काढून नंबर लावला.

मी भाव सांगितला. येत्या रविवारी मुलं-मुली एकत्र बसवा. डॉक्टरीणबाई मी आणते, त्यांचे पैसे माझे. मूल कसं राहतं, ते राहू नये म्हणून काय वापरतात, पाळी चुकली तर कुणाकडे जायचं, समोरच्यानं हट्ट धरला तर नाही कसं म्हणायचं, सगळं नावं घेऊन सांगायचं. मुलांनाही. सर म्हणाले, "बघू." आमच्या धंद्यात बघू म्हणजे नाही.

तो मुलगा त्याच क्लासच्या अकरावीच्या बॅचला बसतो. बाल न्याय मंडळाच्या तारखेला तेवढी दांडी मारतो. त्याला काढा म्हणून कुठल्या पालकानं तक्रार केली नाही. माझी मुलगी घरी गाऊनना गुंड्या लावते. परवा तिनं पुस्तक काढलं, तोच धडा उघडला आणि आकृतीवर बोट ठेवून विचारलं, "आई, हे कुठं असतं?"

मला येत नाही, सर. तुम्हाला येतं, आणि तुम्ही त्याचेच पैसे घेतलेत. तिला बाकावर परत बसवा आणि सगळ्यांच्या देखत तो धडा शिकवा. नाही शिकवणार? मग का नाही, ते मला सांगू नका. तिला समोर उभी करते, तिच्या तोंडाकडे बघून सांगा.