चाक छाप उदबत्तीचे लेबल

गुरुनाथअण्णांना मी पहिल्यांदा पाहिले ते बिदरच्या स्टेशनात, भिंतीवरची जाहिरात सोलून काढताना. डोक्याला स्वच्छ रुमाल, अंगात कोट, आणि हे गृहस्थ तांब्यातले पाणी शिंपडून चहाच्या फाटक्या जाहिरातीचा कागद नखाने सोडवत होते. मी न राहवून विचारले, "कामून काढायलाव हो?"

"हे आभाळ बगा," ते म्हणाले. "रंगच लावला न्हाई. कोरा कागदच आभाळ केलाय. आन् आपण निळ्यावर निळा थापायलाव."

हा माणूस वेडा आहे असे मी मनाशी ठरवून टाकले. दुसऱ्या दिवशी दगडावरून छापणाऱ्या शिळाछाप छापखान्यात अक्षरे काढण्याच्या कामावर रुजू झालो, तर समोरच्या दगडावर चित्र काढत बसलेले हेच. पुढे कित्येक वर्षे आम्ही शेजारी बसून काम केले आणि त्यांनी मला धक्के द्यायचे काही सोडले नाही.

चित्रकार म्हटले की सोनेरी चौकटीतली मोठमोठी चित्रे, अशी माझी समजूत होती. अण्णांच्या मैलूरच्या घरी देवळीशेजारच्या भिंतीवर काड्यापेटीची चित्रे, कापडाच्या ठाणावरचे कागद आणि साबणाची वेष्टणे खळीने चिकटवलेली होती. मुंबईच्या मासिकाचे मुखपृष्ठ वाण्याने पुडीला वापरले, तर अण्णा गूळ दुसऱ्या कागदात बांधायला लावून ते घरी आणत. आज, या घडीला, कोण कुठे काय नवे काढतो आहे, याचा त्यांना ध्यास होता. मी एकदा नाक मुरडले, तेव्हा म्हणाले, "राजाचं चित्र राजा बगतो. काड्याच्या पेटीचं चित्र चुलीपाशी बसलेली अक्का बगती. तिला बगावं वाटंल असं काढा की."

माझी आई गेली तेव्हा गावाहून कामावर परतल्यावरही माझा हात धड चालेना. कामावरून काढतील या भीतीने मी गप्प होतो. अण्णांनी आपले काम उरकून माझी अक्षरे काढून दिली आणि कुणाला कळू दिले नाही. कळणार तरी कसे? माझा 'ळ' जन्माचा वाकडा. अण्णांनी तो तसाच वाकडा काढला होता. ते पाहून मला रडू आवरले नाही.

आता त्या लेबलाविषयी. हळ्ळीखेडचे व्यापारी शिवलिंगप्पा यांची चाक छाप उदबत्ती होती. त्यांना दोनच रंगांत लेबल हवे होते, कारण रंग वाढला की दगड वाढतो आणि खर्चही. अण्णांनी वर केशरी आभाळ काढले, खाली हिरवी ज्वारी, मध्ये कोऱ्या कागदाची पांढरी वाट आणि वाटेवर हिरव्या रेघांनी गाडीचे एक चाक. स्टेशनातले ते कोरे आभाळ आता वाट झाले होते. लेबल फार देखणे उतरले. वर्षभर ते बाजारात फिरले आणि कुणाला त्यात काही दिसले नाही.

मग दिल्लीहून बातमी आली की देशाच्या झेंड्यावर आता चरख्याऐवजी चाक असणार. चित्र तेच होते, पण सगळ्यांचे डोळे बदलले. आमचे संस्थान तेव्हा देशात सामील झाले नव्हते; त्या दिवसांत आमच्याकडे तो झेंडा लावणे म्हणजे तुरुंगाला आमंत्रण. लोकांनी उदबत्ती घेतली आणि लेबल दाराच्या चौकटीवर चिकटवले. संतपुरापर्यंत दारोदार आमचे लेबल दिसू लागले.

पोलिसांचे अमीन छापखान्यात आले, ते लेबल हातात घेऊनच. पहिल्यांदा म्हणाले, हे दोन्ही दगड माझ्यासमोर घासा. मला वाटले, अण्णा आता भांडणार. अण्णांनी वाळू घेतली, पाणी ओतले आणि आपल्या हाताने ते चित्र घासून काढले. "छापून झालं की घासायचंच असतंय, साहेब," म्हणाले. मला अण्णांचा रागच आला.

मग अमीनसाहेबांनी कागद पुढे केला. झेंड्याचे चित्र काढल्याबद्दल माफी, एवढाच मजकूर. माणूस दुष्ट नव्हता. "दस्तखत करो और घर जाओ, अण्णा," असे अगदी अजिजीने म्हणाले.

"झेंडा काढलोच न्हाई," अण्णा म्हणाले, "तर माफी कशाची?"

मी हात जोडले, "करा हो सही, घरी वयनी एकट्या हायत." ते हलले नाहीत. त्यांना गुलबर्ग्याच्या तुरुंगात नेले. एका उदबत्तीच्या लेबलापायी! राज्य पालटल्यावर ते सुटून आले तेव्हा कोट अंगात लोंबत होता आणि उजवा हात थरथरत होता.

या गौरवग्रंथासाठी त्याच्या समितीने मला विषय दिला तो 'झेंडा चित्रात लपवणारा देशभक्त'. अण्णांना सरकारी मान आणि त्यासोबतचे मानधन मिळवून देण्याचा समितीचा चांगला हेतू होता, आणि त्यांच्या घराला त्याची गरजही होती. मी आनंदाने लेख लिहिला आणि मैलूरला जाऊन वाचून दाखवला. अण्णांनी शेवटपर्यंत ऐकले. वयनी दारात उभ्या होत्या.

"झेंडा काढलोच न्हाई," ते म्हणाले, "तर मान कशाचा? झेंडा घेऊन मेलेले लोक हायत. त्यांच्या ओळीत मला बशिवनका."

मी वयनींकडे पाहिले. "बरूबर हाय त्यांचं," म्हणाल्या आणि चहा टाकायला आत गेल्या. या घराने मला दिलेला हा सर्वांत मोठा धक्का. तो लेख मी तिथेच फाडला. समितीने मला क्षमा करावी. गुरुनाथअण्णांनी झेंडा काढला नाही. त्यांनी दोन रंगांत एक उत्तम लेबल काढले, आणि जे नव्हते ते आहे म्हणायला नकार देऊन तुरुंगात गेले.

अण्णांना निरोगी, भरघोस आयुष्य लाभो. हाताची थरथर ओसरो. ती ओसरेपर्यंत त्यांची चित्रे मी काढीन, आणि त्यांची रेघ जिथे वाकते तिथे माझीही वाकेल.