विनीताने विकत घेतलेला आवाज

सिद्धेश साऊंडवाल्याचं नाव कुणी काढलं की विनीता धुरीच्या हातातलं काम थांबायचं. मासे साफ करत असली तर सुरी तशीच धरून राहायची, समोरच्याचं बोलणं शेवटपर्यंत ऐकायची आणि मग पुन्हा कामाला लागायची. तिचा नवरा निलेश देवबागच्या खाडीत पर्यटकांची बोट चालवतो. त्याला हे ठाऊक होतं. तो म्हणायचा, "गो, सोड आता. वर्सा झाली तेका." ती म्हणायची, "मगे?"

विनीता मूळची दोडामार्गची. तिचे वडील दाजी म्हापशाला एका हॉटेलच्या बागेत कामाला होते, रोज मोटारसायकलने गोव्यात जायचे-यायचे. शाळेला सुट्टी असली की पोरीला पाठीमागे बसवून न्यायचे आणि हॉटेलमागच्या गल्लीत पास्कोल सरांच्या घरी सोडायचे. सर क्लासिकल गिटार शिकवायचे. नायलॉनच्या तारा, उजव्या हाताची वाढवलेली नखं आणि लाकडाची पोकळ पेटी, एवढ्यावर सगळं. सोबत गाणं नाही, ताल धरायला कुणी नाही. विनीता चुकली की सर रागवायचे नाहीत, फक्त उठून खिडकी लावून घ्यायचे. गल्लीने ऐकू नये म्हणून. ती खिडकी उघडी राहावी यासाठी तिने अख्खं लहानपण घालवलं.

लग्न होऊन देवबागला आल्यावरही तिने वाजवणं सोडलं नाही. शाळेतल्या मुलांना शिकवायची, हंगामात एखाद्या हॉटेलवर जेवणाच्या वेळी वाजवायची. एका डिसेंबरात किनाऱ्यावर महोत्सव झाला आणि त्यात तिला बोलावणं आलं. खरंखुरं स्टेज, पहिल्यांदाच. तिने सरांना कळवलं. सर ऐंशीच्या पुढचे. थिवीहून रेल्वेने कुडाळला उतरले आणि तिथून रिक्षा करून, गळ्यात टाय बांधून आले. पहिल्या रांगेत बसले.

महोत्सवाचा साऊंड सिद्धेशचा होता. निलेशच्या ओळखीतलाच माणूस, त्याचा टेम्पो, त्याचा जनरेटर आणि स्टेजच्या दोन्ही बाजूंना भिंतीसारखे रचलेले काळे बॉक्स. त्याने तिच्या गिटारला आवाज पकडणारी एक चपटी पट्टी चिकटवली, तिची वायर ओढली आणि चालायला लागला.

"आधी जरा वाजवून बघूया काय?" विनीताने विचारलं.

"वयनी, तुमी फकत वाजवा. बाकीचा माझा काम."

तिने पहिला स्वर वाजवला आणि बॉक्समधून पत्र्याच्या डब्यावर कुणी टिचक्या माराव्यात तसला आवाज आला. खालच्या तारेला हात लागला तशी घूं घूं सुरू झाली, वाढत गेली आणि शेवटी तिची शिट्टी झाली. पुढच्या रांगेतल्या बायकांनी कान झाकले. विनीताने साऊंडच्या मिक्सरकडे बघितलं. सिद्धेश दोस्तांशी हसत होता. ती तशीच वाजवत राहिली. निम्म्यावर आली असेल-नसेल, तोवर प्रमुख पाहुण्यांची गाडी आली. सिद्धेशने तिची वायर बंद केली, माईक हातात घेतला आणि म्हणाला, "वयनींच्या डब्यातलो आवाज संपलो. आता खरो आवाज आयका." लोक हसले. मग नाचाचं गाणं असं काही धडाडलं की स्टेजच्या फळ्या थरथरल्या. विनीता गिटार मांडीवर घेऊन त्या फळ्यांवर बसून होती.

खाली उतरल्यावर सरांनी तिचा हात हातात घेतला. कोंकणीत एवढंच म्हणाले, "बाय, हांवें कांयच आयकूंक ना." एवढ्या लांबून येऊन त्यांना काहीच ऐकू आलं नव्हतं.

पावसाळ्यात सर गेले. दाजींनी फोन करून सांगितलं. विनीताने फोन ठेवला, भात खाली उतरवला आणि निलेशला म्हणाली, "माका स्पीकर घेवचो आसा."

"खयचो?"

"सिद्धेशाक पुरो पडात असो."

निलेशला वाटलं, हिला आता सिद्धेशपेक्षा मोठे बॉक्स हवेत. खरं तर तिलाही तेच वाटत होतं. दोघं गिटार घेऊन एसटीने घाट चढून कोल्हापूरला गेली. दुकानदाराने गुडघ्याएवढा स्पीकर पुढे ओढला, वायर लावली, बटण पिरगाळलं. दुकान हादरलं. विनीताने दोन-चार तारा छेडल्या. तोच पत्रा आणि तोच डबा, फक्त आता जास्त मोठा. दुसरा लावला, तिसरा लावला. आवाज जसजसा वाढत होता तसतशी तिची गिटार त्यातून निघून जात होती.

मग तिने दुकानदाराला बाजूला केलं. निलेशला गिटार दिली आणि नुसत्या मोकळ्या तारा छेडत राहायला सांगितलं. स्वतः दाराशी जाऊन उभी राहिली, मग बाहेर पायरीवर, मग रस्त्यापलीकडे पानपट्टीजवळ. मध्ये रिक्षा, बस, हॉर्न. समुद्राची गाज काही याहून मोठी नसते, असा तिचा अंदाज. प्रत्येक स्पीकर तिने असा पलीकडून ऐकला. जवळ दणकणारे बरेचसे रस्त्यापलीकडे नुसते गुरगुरत होते. एक उभा, सडपातळ स्पीकर मात्र वेगळा निघाला. जवळ उभं राहिलं तर गिटारहून थोडासाच मोठा, पण पलीकडे स्वर वेगवेगळे ऐकू येत होते, नखाचा स्पर्शसुद्धा.

ती आत आली आणि प्रश्न विचारायला लागली. बॅटरीवर जेवणं उरकेपर्यंत चालेल का? चालेल. स्कूटरवर पायांत ठेवून नेता येईल का? सुटा करता येतो, नेता येईल. पट्टीची वायर एकीकडे आणि गिटारसमोर ठेवायचा छोटा माईक दुसरीकडे, असं दोन्ही लावून मिसळता येईल का? येईल. आणि घूं घूं करणारा तेवढाच स्वर कापायचा असेल तर? दुकानदाराने एक बटण दाखवलं. विनीताने मुद्दाम स्पीकरच्या तोंडाशी बसून घूं घूं काढली आणि स्वतःच्या बोटाने ते बटण फिरवून बंद केली. पुन्हा काढली, पुन्हा बंद केली. निलेश म्हणतो, त्या वेळी तिच्या तोंडावर जे हसू आलं ते बघून त्याला जरा भीतीच वाटली.

"मॅडम, हा लग्नकार्याला पुरणार नाही," दुकानदार म्हणाला. "एवढ्या लांबून आलाय, तर मोठा न्या."

"ह्योच व्हयो," विनीता म्हणाली.

घाट उतरताना तिने निलेशला सगळं सांगितलं. महोत्सव वर्षातून एकदा. सिद्धेशचं पोट भरतं ते तारकर्ली-देवबागच्या हॉटेलांवर. कुठे भजन, कुठे कुणाचा वाढदिवस, कुठे कीबोर्डवाला. तेवढ्यासाठी तो टेम्पो, जनरेटर आणि दोन माणसं घेऊन जातो, आणि जेवणारी माणसं एकमेकांशी ओरडून बोलतात. "माका तेच्यापेक्षा मोठ्यान वाजवचा नाय," ती म्हणाली. "माका तेचा काम व्हया."

पहिल्यांदा ती सुशीलाकाकींकडे गेली. काकींचं हॉटेल छोटं, खोल्या मोजक्या, पण पाहुणे बारमाही. विनीताने माडाखाली स्पीकर उभा केला. माणसं सोलकढी पीत गप्पा मारत होती आणि त्या गप्पांच्या खालून गिटार शेवटच्या टेबलापर्यंत जात होती. स्वयंपाकघरातल्या बायका हात पुसत दारात येऊन उभ्या राहिल्या. काकी म्हणाल्या, "गो, तू रोज ये. सिद्धेशाक मी सांगतंय."

"आताच सांगा," विनीता म्हणाली. "आनी फोन स्पीकरवर ठेवा."

काकींनी तिच्याकडे जरा चमकून बघितलं, पण ठेवला. सिद्धेश आधी हसला, मग विचारत राहिला, शेवटी त्यानेच फोन ठेवला. विनीताने शब्दन् शब्द ऐकला आणि मगच पुढची तार लावायला घेतली.

त्यानंतर ती एकेक हॉटेल घेत गेली. भजनी बुवांना, बासरीवाल्याला, वाढदिवसाला गाणाऱ्या मुलींना तिने आपल्या स्पीकरवर जागा दिली. अट एकच, सिद्धेशला बोलवायचं नाही. दुसऱ्या हंगामात तिने तसलाच आणखी एक स्पीकर घेतला, कारण एका संध्याकाळी दोन ठिकाणी सिद्धेशचं काम होतं आणि तिला दोन्ही हवी होती. हळूहळू त्याचा टेम्पो दारात उभाच दिसायला लागला. मग एक दिवस तिथे टेम्पो नव्हता. विनीता स्कूटर हळू करून ती मोकळी जागा बघून गेली. दुसऱ्या दिवशीही गेली.

एका दुपारी सिद्धेश तिच्या घरापुढच्या खळ्यात येऊन उभा राहिला. वाळला होता. निलेश घरात होता, पण बाहेर आला नाही.

"वयनी, सगळा घेतलास. सुशीलाकाकीचा तरी सोडा. घर चालना नाय."

"पास्कोल सर आठवतत तुका?"

"कोण सर?"

तो खोटं बोलत नव्हता. त्याला खरंच आठवत नव्हतं. इतकी वर्षं विनीताला वाटत होतं, तो मार खातोय तो कशासाठी हे त्याला कळत असणार. तिने त्याला सांगितलं. महोत्सव, शिट्टी, डबा, टाय बांधून आलेला म्हातारा माणूस. ऐकता ऐकता त्याला थोडंथोडं आठवलं.

"मस्करी होती ती, वयनी."

"बस थंय," विनीता म्हणाली.

तिने स्पीकर बाहेर आणला, माईक लावला आणि महोत्सवाच्या संध्याकाळी जे वाजवायचं होतं ते पहिल्यापासून वाजवायला घेतलं. सिद्धेश पायरीवर बसला. मध्ये त्याचा फोन वाजला. विनीताने नुसतं बघितलं आणि त्याने तो बंद केला. ज्या जागी त्याने वायर बंद केली होती ती जागा आली. ती पुढे गेली, शेवटपर्यंत. इतकं चांगलं तिने आयुष्यात वाजवलं नव्हतं. हे तिला वाजवतानाच कळत होतं, आणि ऐकायला पायरीवर कोण बसलंय तेही. बोटं चालत राहिली.

शेवटचा स्वर विरल्यावर तिने विचारलं, "आयकलंस?"

"आयकलंय." तो पायरीवरून उठला. "बरा वाजवतास, वयनी. त्या दिवशी माका कळूक नाय."

"आता जा."

"आनी काकीचा हॉटेल?"

"नाय."

सिद्धेशने उरलेले बॉक्सही विकले. आता तो गोव्यात एका स्टेजवाल्याकडे वायरी ओढायचं काम करतो आणि पंधरवड्याने घरी येतो. त्याची बायको सारिका मासळीबाजारात टोपली घेऊन बसते आणि विनीताला बघून तोंड फिरवते. तिने विनीताचं काहीच वाकडं केलेलं नव्हतं, आणि हे विनीताला टोचतं. सिद्धेशबद्दल मात्र तिला काही वाटत नाही.

निलेशने एकदा विचारलं, "आता तरी समाधान झाला?"

"सर काय परत येवचे नाय," ती म्हणाली.

बाजारात जायला दुसरीही वाट आहे, जरा लांबची. सारिकाची टोपली त्या वाटेवर लागत नाही. पण विनीता अजून जुन्याच वाटेने जाते.