लिंबू ताजं, ब्राउझर शिळा

येरमाळ्याच्या स्टँडसमोर माझं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. कॉम्प्युटरच्या वर खिळ्याला लिंबू-मिरची. ती दर शनिवारी न चुकता बदलायचो. ब्राउझर मात्र वर्षभर बदलला नव्हता. कोपऱ्यात रोज लाल होऊन तो 'अपडेट करा' म्हणायचा, मी रोज 'नंतर' दाबायचो. मागं एकदा अपडेट केलं तर अंगठ्याचं मशीन दोन दिवस रुसून बसलं होतं. चालत्या गाडीला खीळ कशाला घाला?

माझी भाची पुण्यात कॉम्प्युटरच्या सुरक्षेचं काम करते. इथल्या येडेश्वरीच्या दर्शनाला आली तेव्हा ते लाल बघून तिनं कपाळावर हात मारला.

"मामा, ह्याच्या मेमरीत भोकं हायेत. काम झालं की हा जागा मोकळी करतो, पण जुना पत्ता धरून बसतो. तिथं भलताच घुसला तरी त्याचंच ऐकतो."

"म्हंजी एसटीतला रुमाल," मी म्हणालो. "खिडकीतून रुमाल टाकून जागा धरली, गडी वाटेत येडशीला उतरला, रुमाल तिथंच. त्यावर चोर येऊन बसला, आन् कंडक्टर त्यालाच मालक समजून वरची बॅग काढून देतो."

"व्हय! कळतंय की तुम्हाला. मग करा की अपडेट."

"करतो गं. अॅडमिशनचा सीझन सरू दे."

असा मी शहाणा! कळून न करणाऱ्याला आमच्याकडं काय म्हणतात, ते इथं लिहीत नाही.

त्याच सीझनमध्ये मागच्या गल्लीतल्या एका पोरीचा नर्सिंगला नंबर लागला. आई दुसऱ्याच्या रानात खुरपायला जाते. घरात बारावीच्या पुढं जाणारी ही पहिलीच. तिचा मेल, पासवर्ड, सगळं माझ्याच ब्राउझरात साठवलेलं. "दादा, तुमच्यापाशी असलं म्हंजी घोर न्हाय," आई म्हणायची.

शेवटच्या दिवशी पाचच्या आत तिच्या प्रवेशाच्या खात्यात जाऊन 'प्रवेश घेते' एवढंच दाबायचं होतं. सकाळी सवयीनं मी राशिभविष्याचं पान उघडलं. नुसतं उघडलं हो, कशालाच हात लावला नाही! राशीत 'नवी ओळख होईल' असं होतं. झाली. दुपारी पोरगी आली तर तिचं खातं उघडेना, मेलचाही पासवर्ड कुणीतरी बदललेला.

भाचीला फोन लावला. "त्या पानातून घुसले, मामा. भोक बुजवणारं अपडेट कवाच आलं होतं."

हेल्पलाइनचं गाणं ऐकता ऐकता पाच वाजले. प्रवेश गेला. पोरगी रडली नाही, दुकानाच्या पायरीवर नुसती बसून राहिली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ती गेल्यावर अपडेट दाबलं. दोन मिनिटं लागली. लिंबात दोरा ओवायलाच जास्त वेळ लागतो.

शनिवारी तिची आई आली. मी शिव्या खायच्या तयारीत उभा. तिनं पदराची गाठ सोडून एक लिंबू आणि सात मिरच्या काढल्या.

"तुमचा काय दोष, दादा? दुकानाला कुणाची तरी नजर लागली."

खरं काय ते ओठांवर आलं होतं. मी तिला ते टांगायला खिळा दाखवला.