डॉट इंजिनिअरिंग

भोसरीत आम्ही दोघांनी वर्कशॉप टाकलं तेव्हा दोन्ही लेथ मशीन जुन्या होत्या, शेड भाड्याची होती. नवा होता तो फक्त ईमेलचा पत्ता. तो माझ्या भागीदाराने हौसेने विकत घेतला होता. आधी आम्ही एकाच कंपनीत शेजारशेजारच्या लेथवर होतो. पत्त्याच्या शेवटी डॉट कॉम नव्हतं, डॉट इंजिनिअरिंग होतं. "वाचलं की कळतंय राव, आपण काय करतो ते," असं तो येईल त्याला सांगायचा. शटरवरही त्याने तो रंगवून घेतला.

चाकणच्या एका मोठ्या कंपनीचं काम घ्यायचं तर आधी त्यांच्या वेबसाइटवर नोंदणी करावी लागे. आम्ही फॉर्म भरला. ईमेलच्या रकान्याखाली लाल अक्षरं आली: योग्य ईमेल टाका. पुन्हा टाकला, पुन्हा तेच. मी त्यांच्या हेल्पलाइनला फोन लावला. तिथली मुलगी म्हणाली, "सर, शेवटच्या डॉटनंतर चारपेक्षा जास्त अक्षरं सिस्टिम घेत नाही. फुकटचा नेहमीचा ईमेल असतो ना, तो द्या. सगळे तोच देतात."

"अहो, पण ह्या पत्त्यावर रोज मेल येतात," भागीदार फोनकडे वाकून म्हणाला. "मग चुकीचा कसा?"

"सर, मी काय करू?"

ती खरंच काही करू शकत नव्हती. मी फुकटचा ईमेल उघडला, नोंदणी झाली. भागीदार चहा सांगायला म्हणून बाहेर गेला.

काही आठवड्यांनी चाकणहून साहेब शेड बघायला आले. तयार जॉब, म्हणजे लेथवर उतरवलेले सुटे भाग, हातात घेऊन बघितले, बरे वाटले त्यांना. जाताना आमच्या नोंदणीचे कागद चाळत म्हणाले, "कंपनीचा स्वतःचा ईमेलसुद्धा नाही तुमचा? फारच लहान युनिट दिसतंय."

मी शटरकडे बोट दाखवून फॉर्मचं सांगू लागलो. साहेब हसले. "असं कसं होईल?" म्हणाले आणि गाडीत बसले.

काम आलं नाही. कारण तेवढंच असेल असं मी म्हणत नाही, पण भागीदाराच्या मनाला ते फार लागलं. "खरा पत्ता देऊन आपणच खोटे," एवढंच एकदा बोलला. पुढे त्याने हिस्सा सोडला आणि पुन्हा शिफ्टची नोकरी धरली.

आता तो रावेतला राहतो. भेटला की चहा होतो, पोरांची चौकशी होते. वर्कशॉपचा विषय तो काढत नाही, मीही नाही. शेड मी एकटाच चालवतो. पण एखादा अवघड जॉब छान उतरला की अजून माझी मान आपोआप शेजारच्या लेथकडे वळते. तिथे पगारी कामगार असतो. तो विचारतो, "काय झालं, शेठ?"

"काही नाही," मी म्हणतो.